जेजेचे जमशेटजी



गावच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि खासगी रुग्णालयाचा खर्च ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा आला, की आपल्याकडे कोणीतरी म्हणते, जेजेला न्या. मग पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून भायखळा, एका हातात एक्स-रेची पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा. वसईपासून डहाणूपर्यंत अशी घरे कमी नाहीत ज्यांतील एखादा माणूस तिथल्या खाटेवर बरा होऊन परत आला. काही परत आले नाहीत, त्यांचीही आठवण घराघरांत आहे. २००२ साली झालेल्या उड्डाणपुलालाही लोक जेजेचा पूल म्हणतात. इतके हे नाव तोंडी बसले आहे. पण ही दोन अक्षरे एका माणसाची आहेत, हे विचारल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन असतो. त्या सुमारास आपल्या पत्रकात संतांची किंवा रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे. या वेळी आम्ही एका पारशी व्यापाऱ्याचे चरित्र निवडले आहे. सरकारी इस्पितळ खासगी दानावर कसे उभे राहते आणि पुढे कोणाच्या बळावर चालते, हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. शिवाय त्यात एक अवघड प्रश्न आहे. शाळेच्या पुस्तकातील चरित्रे तो टाळतात, आम्ही टाळणार नाही.

जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे मूळचे गुजरातेतील, वडील विणकामाच्या धंद्यातले आणि परिस्थिती अगदी बेताची. जमशेटजी सोळा वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघांचेही छत्र हरपले. मुंबईत त्यांचे मामा फ्रामजी रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून त्यांना बाटलीवाला म्हणत. भाचा त्यांच्याकडे आला, बाटल्या मोजू लागला आणि काही काळ त्यालाही तेच आडनाव चिकटले. शिक्षण म्हणावे असे काही नव्हते. हिशेब, थोडीफार गुजराती आणि व्यवहारापुरते इंग्रजी एवढीच शिदोरी. पुढे १८०३ मध्ये याच मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंची गोष्ट पुढे येणार आहे.

१७९९ साली, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, ते पहिल्यांदा जहाजाने चीनला गेले. अशा एकूण पाच सफरी त्यांनी केल्या. त्या काळी मुंबईहून कॅन्टनला जाणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे. वादळ, रोगराई, चाचे, आणि त्यात इंग्रज व फ्रेंचांची लढाई जुंपलेली. १८०५ मध्ये जमशेटजी ज्या ब्रन्सविक नावाच्या जहाजावर होते, ते लंकेच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच आरमाराने पकडले. माल गेला, आणि कैद्यांना थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेण्यात आले. बावीस वर्षांचा तरुण, जवळ फुटकी कवडी नाही. तिथून धडपडत ते कलकत्त्यामार्गे मुंबईला परतले.

पण त्या जहाजावर त्यांना एक मित्र मिळाला. जहाजावरचे डॉक्टर विल्यम जार्डिन. ओळख संकटातली असल्याने पक्की झाली. या जार्डिनने १८१७ मध्ये वैद्यकी सोडली आणि व्यापार धरला. पुढे जार्डिन मॅथेसन ही पेढी चीनच्या व्यापारातील सर्वांत बलाढ्य इंग्रज पेढी झाली, आणि तिचा मुंबईतील मोठा आधार होते जमशेटजी. एका डॉक्टरने रुग्ण सोडून अफू विकायला घेतली आणि त्याच्या मित्राने अफूच्या पैशातून इस्पितळ बांधले, असा हा योगायोग आहे. आम्ही तो वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो.

होय, अफू. मुंबईहून चीनला कापूस जात असे आणि त्याच्याबरोबर अफूही जात असे. जमशेटजींचा पैसा या दोन्हींतून आला. १८०७ नंतर ते मुंबईत स्थिरावले, स्वतःची जहाजे घेतली आणि भागीदार जोडले. भागीदारांची नावे पाहण्यासारखी आहेत. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे कॅथलिक. आज आपण सर्वधर्म समभावाच्या सभा भरवतो. या चौघांनी तो व्यापारात केव्हाच करून दाखवला होता. मात्र तो ज्या मालावर उभा होता, तो माल आपल्या घरात कोणाच्या हाती लागावा असे चौघांपैकी एकालाही वाटले नसते.

फारियांचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून न्यायची तर कंपनीचा कर भरावा लागे. तो चुकवण्यासाठी कितीतरी माल सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला उतरे आणि तिथून जहाजात चढे. दमण आपल्यापासून किती लांब आहे ते आपण जाणतोच. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर हा मार्ग आटला. तोवर आपल्याच धर्माचे, क्रुसाची खूण करून कामाला लागणारे काही व्यापारी या धंद्यात होते. तेव्हा पारशी शेटजींकडे बोट दाखवताना आपण जरा जपून दाखवावे.

हा धंदा चोरून चालत होता की उजळ माथ्याने? दोन्ही. हिंदुस्थानात तो कायदेशीर होता. बंगालच्या अफूची मक्तेदारी तर ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःकडेच ठेवली होती आणि माळव्याच्या अफूवर ती कर घेत होती. चीनमध्ये मात्र बादशहाने अठराव्या शतकापासून वारंवार बंदीचे हुकूम काढले होते. म्हणून अफूची जहाजे कॅन्टनच्या बाहेर लिंटिन बेटापाशी उभी राहत आणि पेट्या तिथून चोरट्या होड्यांत उतरत. माल कुठे, कसा आणि का लपवून उतरतो हे मुंबईच्या व्यापाऱ्यांना पत्रांतून कळत असे. माहीत नव्हते अशी सबब इथे चालत नाही.

१८३९ मध्ये चीनचा अधिकारी लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि समुद्रकाठी खड्डे खणून त्यात चुन्याबरोबर कालवून नष्ट केल्या. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. त्यावरून इंग्लंडने चीनशी युद्ध केले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग घेतले आणि नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून साठ लाख डॉलर वसूल केले. त्याच १८४२ साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. ती मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. इस्पितळाच्या पायाचा दगड बसला तो ३ जानेवारी १८४३ रोजी. या तारखा आम्ही जवळजवळ लिहिल्या त्या त्यांच्या क्रमानेच लिहिल्या, त्यात आमची काही करामत नाही.

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे.

जमशेटजींचा हात सढळ होता आणि तो म्हातारपणी सढळ झाला असेही नाही. १८२२ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरीब कैद्यांची देणी भागवून त्यांना सोडवले. कर्ज फेडता येत नाही म्हणून तुरुंग, आणि तुरुंगात आहे म्हणून कमाई नाही, असा तो फास होता. स्वतः एकदा सर्वस्व गमावून परक्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाला त्याची कल्पना असणार. गुरे चारण्यावर सरकारने शुल्क बसवले तेव्हा त्यांनी ठाकूरद्वारजवळ जमीन विकत घेऊन ती चराईला मोकळी केली आणि त्यावरून चर्नी रोड हे नाव पडले, असेही सांगतात. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला त्यांचा मोठा पैसा लागला आहे. पारशी मुलांच्या शाळांसाठी १८४९ मध्ये त्यांनी निधी उभारला, त्याच्या व्याजावर शाळा चालल्या. चित्रकलेचे जे.जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झाले तेही त्यांच्याच लाख रुपयांच्या देणगीतून.

माहीमची खाडी ओलांडणे तेव्हा होडीवर अवलंबून असे आणि पावसाळ्यात त्या होड्या उलटत. सरकारला पूल बांधण्यासाठी पैसा सापडत नव्हता. आवाबाईंनी आपल्या पैशातून दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कधी टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. दादरहून माहीमकडे जाणारा लेडी जमशेटजी रस्ता त्यांच्याच नावाचा. आपल्या वडीलधाऱ्यांत अशी गोष्ट सांगतात की मूल आजारी असताना आवाबाईंनी मोत माउलीला नवस केला होता, बांद्र्याला जाताना खाडीने अडवले आणि म्हणून त्यांनी हा रस्ता बांधला. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून आम्ही ती सांगत नाही. तरी मोत माउलीच्या जत्रेला निघालेल्या कितीतरी पिढ्या एका पारशी बाईच्या पैशातून बांधलेल्या रस्त्यावरून फुकट चालत गेल्या, याला आख्यायिकेची गरज नाही.

आता इस्पितळाकडे येऊ. १८३० नंतरची मुंबई झपाट्याने भरत होती. कोकण, घाट, गुजरात, गोवा सगळीकडून माणसे कामाला येत आणि चिंचोळ्या गल्ल्यांत दाटीने राहत. देवी, पटकी, ताप पाठीला लागलेले. गोऱ्यांसाठी वेगळे इस्पितळ होते. हिंदी गरिबांसाठी जे होते ते शहराच्या मानाने फारच तोकडे. डॉक्टरही नव्हते. १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांनी हिंदी मुलांसाठी वैद्यकीय शाळा काढली होती, ती सहा वर्षांत बंद पडली. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. हे ग्रँट इंग्रजी चर्चमध्ये आजही गायली जाणारी स्तोत्रे लिहिणारे कवीही होते. वैद्यकीय महाविद्यालय व्हावे म्हणून त्यांनी पाठपुरावा केला, पण जुलै १८३८ मध्ये दापोडीला त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक म्हणून लोकांनी वर्गणी काढायचे ठरवले, ती महाविद्यालयासाठीच.

याच सुमारास जमशेटजींनी इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले. एक लाख म्हणजे तेव्हा अफाट रक्कम. पण आमच्या दृष्टीने रकमेपेक्षा तिच्याबरोबर घातलेली अट अधिक मोलाची आहे. कंपनी सरकारनेही तितकीच रक्कम घालावी, असे त्यांनी सांगितले. व्यापारी माणूस. इमारत बांधून देणे सोपे आणि ती चालवणे अवघड, हे त्यांना ठाऊक असणार. एकट्याच्या दानावर इस्पितळ उभे राहिले असते, तर दाता गेल्यावर, पेढी बुडाल्यावर किंवा वारसांची मने फिरल्यावर तिथल्या चुली विझल्या असत्या. सरकारला सुरुवातीलाच भागीदार केले की रोजच्या खर्चाची जबाबदारी तिजोरीवर येते, आणि तिजोरीला ती सहजासहजी झटकता येत नाही. जमशेटजींनी कंपनी सरकारला जणू आपल्या पेढीच्या हिशेबवहीत नाव घालून बांधून घेतले.

इथे थोडे आपल्या चर्चच्या अनुभवातून बोलतो. सणाच्या वेळी बाके हवीत म्हटले की देणगीदार लगेच मिळतात, कारण बाकाच्या पाठीवर नाव घालता येते. पंखे मिळतात, घड्याळ मिळते, ध्वनिक्षेपक मिळतो. विजेच्या बिलासाठी मात्र आजवर कोणी पुढे येऊन अमुक महिन्याचे बिल माझ्या आजीच्या स्मरणार्थ असे म्हटलेले नाही. (कोणाची इच्छा असल्यास कार्यालयात भेटावे.) इस्पितळाचेही तेच असते. भिंत दिसते, दारावरचा संगमरवरी फलक दिसतो. कापूस, फिनेल, परिचारिकेचा पगार, रात्रपाळीचा शिपाई, रोजची डाळ आणि पाव यांच्यावर फलक लावता येत नाही. पण रुग्ण जगतो तो यांच्यावर. म्हणून दाता आणि सरकार यांनी दोन बाजूंनी भार उचलण्याची ही पद्धत आम्हाला त्या दानातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

दुसरे शहाणपण म्हणजे इस्पितळ आणि महाविद्यालय एकमेकांना जोडणे. १५ मे १८४५ रोजी इस्पितळ सुरू झाले आणि त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. प्रमुख होते डॉ. चार्ल्स मोरहेड. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण मिळाले आणि गरीब रुग्णांना शिकणाऱ्यांचे व शिकवणाऱ्यांचे हात मिळाले. आजही जेजेत आपल्या रुग्णाभोवती पाचसहा तरुण डॉक्टर वह्या घेऊन उभे राहतात तेव्हा नातेवाईक कंटाळतात, पुन्हा पुन्हा तेच काय विचारतात म्हणून. ती गर्दीच या इस्पितळाला तगवून ठेवते.

आता तो प्रश्न. हा पैसा घ्यायला हवा होता का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचे एक प्रकरण अभ्यासाला होते. वाईट मार्गाने आलेल्या पैशातून दान करता येते का, असा तिथे प्रश्न आहे. सेंट थॉमस असा पैसा तीन प्रकारांत मोडतात. पहिला, दुसऱ्याचा हिसकावून आणलेला. तो दान करता येत नाही, ज्याचा त्याला परत करायचा. दुसरा, ज्यात देणारा आणि घेणारा दोघेही दोषी, जसे धर्मपदाची विक्री. तो ठेवायचाही नाही आणि परतही करायचा नाही, तो गरिबांकडेच गेला पाहिजे. तिसरा, ज्यात काम निंद्य पण मोबदला मिळालेला. त्या पैशाचा धनी तोच माणूस असतो आणि तो त्यातून दान करू शकतो.

अफूचा पैसा कोणत्या खणात टाकायचा? वरवर पाहता तिसऱ्या. विकत घेणाऱ्याने पैसे मोजून घेतली. पण अफूत बुडालेला माणूस घर, शेत, बायकोचे दागिने विकून मोजतो, तेव्हा त्याच्या राजीखुशीला राजीखुशी म्हणायचे का? दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्या आम्हा धर्मगुरूंना तसे म्हणवत नाही. मग तो पैसा पहिल्या खणाकडे सरकतो, आणि तिथे नियम कडक आहे, ज्याचा त्याला परत. ज्यांचे घेतले ते क्वांगतुंगच्या किनाऱ्यावरचे लोक होते. भायखळ्यात बांधलेल्या इस्पितळाने त्यांचे देणे फिटत नाही. हे आम्ही कठोरपणे म्हणत आहोत, पण विचार करूनच म्हणत आहोत.

मग मुंबईने तो लाख नाकारायला हवा होता का? आमचे मत, नाही. तापाने फणफणलेल्या मजुराने किंवा बाळंतपणात अडलेल्या बाईने दाराशी थांबून आधी वहीखाते तपासावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. शिवाय तो लाख नाकारला असता तर उरला असता कंपनीचा लाख. त्या तिजोरीच्या उत्पन्नातही अफूचा मोठा वाटा होताच. दोन्ही रकमा एकाच शेतातून आल्या होत्या, एक पेढीमार्गे आणि एक कराच्या नाक्यावरून. फरक इतकाच की जमशेटजींना आपला पैसा घरात ठेवता आला असता, आणि त्यांनी तो ठेवला नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. दारूच्या दुकानाच्या मालकाची देणगी घ्यावी का, शेतकऱ्याला फसवून जमिनी घेतलेल्या माणसाने सभागृहाच्या छपराला पैसे दिले तर काय करावे, अशा चर्चा कोणत्याही धर्मग्रामाच्या पास्टरल कौन्सिलमध्ये कधी ना कधी होतात, आणि बहुधा चहा थंड होईपर्यंत चालतात. आमच्यापुरते आम्ही सेंट थॉमसचा पहिला खण आधी उघडतो. ज्याचे घेतले तो माणूस समोर आहे का? असेल तर देणगीची पावती फाडण्याआधी त्याचा हिशेब व्हावा. त्याची शेतजमीन गेली असेल आणि आपण त्या पैशाच्या छपराखाली लग्ने लावणार असू, तर ते छप्पर आपल्यालाही झेपणार नाही.

त्या इस्पितळात पुढे काय घडले हेही पाहायला हवे. ग्रँट कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तीत गोव्याच्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड होते. ते गरिबांना मोफत औषध देत आणि त्यांनी कुष्ठरोगावर वर्षानुवर्षे काम केले. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे गोव्याचे कॅथलिकही होते. त्यांनी पुढे मुंबई इलाख्यातील गवतांचा शास्त्रीय अभ्यास केला. आणि १८८० मध्ये याच महाविद्यालयातून बाहेर पडले डॉ. आकासिओ व्हिएगस. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या एका रुग्णाला पाहून हा साधा ताप नाही, ही गाठीची प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले. पुष्कळांना ते पटेना, पण ते ठाम राहिले. धोबीतलावावर त्यांचा पुतळा आहे. मरीन लाइन्सला उतरणाऱ्यांनी कधी मान वर करून पाहावा. त्याच साथीत हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट कॉलेजातल्या एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

पुढे इतर दात्यांनीही त्याच आवारात भर घातली. बाई मोटलीबाई, दिनशा पेटिट, कावसजी जहांगीर ही तिथल्या इमारतींवरची नावे आपल्यापैकी अनेकांनी रुग्णाला शोधत फिरताना वाचली असतील. बाळंतपणासाठी वेगळी जागा, स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळी, डोळ्यांसाठी वेगळी. एकाने पहिला दगड बसवला, मग इतरांना दुसरा बसवावासा वाटला.

दान आणि तिजोरी यांच्या या जोडीत ढिलाई झाली की काय होते तेही या आवाराने पाहिले आहे. १९८६ च्या सुरुवातीला जेजेत दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी रसायनाची भेसळ निघाली आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदी, परवाने आणि तपासणी यांतील भ्रष्टाचार व बेफिकिरी त्यातून उघड झाली. दात्याची इमारत शाबूत होती, पण रोजच्या कारभाराची बाजू आतून कुजली होती. दान देऊन झाले की आपले काम संपले असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे. सरकारी इस्पितळ हे कर भरणाऱ्या प्रत्येकाचे आहे, म्हणून त्याचा जाब विचारण्याचा हक्कही प्रत्येकाचा आहे.

जमशेटजींना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. हाही मिळवणारे ते पहिलेच हिंदी. १४ एप्रिल १८५९ रोजी वयाच्या शहात्तराव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. बाटल्या मोजणारा मुलगा, केपच्या किनाऱ्यावरचा कैदी, अफूच्या व्यापाऱ्यांचा मेरुमणी आणि गरिबांचा आधार, हे सगळे एकाच आयुष्यात मावले.

आज जेजे महाराष्ट्र शासनाच्या ताब्यात आहे. खाटा तेराशेहून अधिक आहेत. सेंट जॉर्ज रुग्णालय त्याच महाविद्यालयाला जोडलेले आहे, आणि जी.टी. व कामा ही रुग्णालयेही पूर्वी त्यालाच जोडलेली होती. खाट, डॉक्टर आणि परिचारिका शासनाच्या खर्चाने मिळतात. तरी उपचारात काही वस्तू बाहेरून आणाव्या लागतात, एखादे महागडे औषध, सांध्यात बसवायचा भाग, आणि गरीब घर तिथेच अडते. या ठिकाणी धर्मादाय संस्था पुढे येतात. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथले समाजसेवा अधीक्षक रुग्णाच्या घरची परिस्थिती समजून घेतात, डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज घेतात आणि कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करायचा ते सांगतात. पुष्कळ वेळा पैसा रुग्णाच्या हातात न येता थेट औषधाच्या किंवा उपकरणाच्या बिलापोटी जातो. ते योग्यच आहे.

आपल्याकडील बरेच लोक या विभागापर्यंत पोहोचत नाहीत. लाजेपोटी किंवा माहिती नसल्याने ते आधी सावकाराकडे जातात, मग दागिने विकतात, आणि शेवटी आमच्याकडे येतात. कृपया क्रम उलटा करावा. रुग्णाला नेताना शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे सर्व कागद, प्रत्येकाच्या दोन दोन छायाप्रती काढून, एकाच पिशवीत ठेवावेत. दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशीच वॉर्डातील सिस्टरला समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारावे. बिल हातात पडण्याची वाट पाहू नये, कारण खर्च होऊन गेल्यावर ट्रस्टची मदत मिळणे कठीण असते. अर्जासोबत धर्मगुरूंचे पत्र लागल्यास मिस्सानंतर साक्रिस्तीत भेटावे, त्याच दिवशी दिले जाईल.